दिवाळी निधी: आमच्या बचत गटाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

भाऊबीज होऊन आठवडा झाला. आजच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर कर्जाची मागणी विचारली, तर बाराजणींपैकी पाचजणींनी हात वर केले. कारण सगळ्यांचं एकच: दिवाळीत घेतलेलं भागवायचंय. इतिवृत्ताची वही मागे चाळली. गेल्या वर्षी याच महिन्यात हेच, त्याच्या आदल्या वर्षीही हेच. वही फिरवून सगळ्यांना दाखवली.

थोड्या वेळाने काकी म्हणाल्या, "दिवाळी कॅलेंडरात वर्षभर आधी छापून येते. मग आपला पैसाच तेवढा का येत न्हाई वेळेवर?"

हा प्रश्न मी सचिव म्हणून इतिवृत्तात जसाच्या तसा लिहून घेतला. त्यावर वर्षभर काम करायचं ठरलं. उद्दिष्ट एका ओळीत: २०२५ ची दिवाळी गटातल्या एकाही घराने बाहेरून कर्ज न काढता साजरी करायची. वसुबारस १७ ऑक्टोबरला, भाऊबीज २३ ला. म्हणजे हातात अकरा महिने.

पहिलं काम, प्रत्येकीने यंदाच्या दिवाळीत किती गेले आणि ते कुठून आले एवढं चिठ्ठीवर लिहून आणायचं. नाव घालायचं नाही. नाव घातलं की खरं लिहवत नाही कुणाला.

२४ नोव्हेंबर २०२४

चिठ्ठ्या आल्या. मतदान, त्यात भात कापणी, त्यामुळे उशीर झाला, पण बाराच्या बारा आल्या.

पाच माणसांच्या मध्यम घराचा खर्च साधारण असा दिसतो. फराळाचा किराणा २,३००. कपडे ६,२००. भाऊबीज, पाडवा आणि माहेरी जाण्यायेण्याचा खर्च २,४००. फटाके ९००. साबण, उटणं, पणत्या, आकाशकंदील, रंग मिळून ७००. एकूण १२,५००. दिवाळसण असलेल्या घराचा हिशोब यात नाही, तो वेगळाच आहे.

बारापैकी आठ घरांनी काही ना काही उसनं घेतलंय. तीन घरांची किराणा दुकानात उधारी. दोघींनी मायक्रोफायनान्सच्या चालू कर्जावर वाढीव कर्ज घेतलं. एकीने सोनं ठेवलं. एका घरात मुलाला मोबाईल हप्त्यावर घेतला. आणि एका घराने गावातून शेकडा पाचने दहा हजार घेतलेत.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाचशे. हे घर मागच्या अनुभवाप्रमाणे उन्हाळा संपेपर्यंत फेडत बसतं. आठ महिने धरले तरी चार हजार व्याज. आपल्या गटाचा दर शेकडा दोन, त्याने सोळाशे झाले असते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि शेतकऱ्याकडून १२ च्या वर नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाचे साठ टक्के. परवाना नसताना असा धंदा करणं गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. हे आज फळ्यावर मांडलं. तक्रार करायला कुणी तयार होईल असं वाटत नाही, कारण देणारा माणूस गल्लीतलाच असतो. पण साठ टक्के हा आकडा बायकांनी पहिल्यांदा बघितला, आणि बराच वेळ त्यावरच बोलणं चाललं.

दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सगळ्यांचा समज होता की फराळाने खर्च वाढतो. "अनारसे बंद करू, चिरोटे बंद करू" इथपर्यंत बोलणं आलं होतं. पण साडेबारा हजारांत फराळाचे तेवीसशे. करंजी बंद करून कुणाचं कर्ज फिटणार नाही.

८ डिसेंबर २०२४

पैसा येतो कुठून आणि कधी, हे मांडलं. आमच्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या गावात दिवाळीचा पैसा चार वाटांनी येतो. दूध संघाकडून गावच्या दूध संस्थेमार्फत येणारं फरक बिल, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातला फरक. एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांचा बोनस. कारखान्याची सभासद साखर, ती पैशात नसली तरी पैशासारखीच. आणि सेवा संस्थेचा, म्हणजे शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचा लाभांश, असलाच तर.

यातलं काहीही दिवाळीच्या फार आधी येत नाही. बोनस तर कधी कधी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. आणि भाजणी दळायला, डाळ भाजायला, कपडे शिवायला टाकायला पैसा लागतो दसऱ्यापासून. या दोन-तीन आठवड्यांच्या फटीत उधारी शिरते. पैसा कमी आहे हे खरंच आहे, पण कर्ज होतं ते तो उशिरा येतो म्हणून.

अजून एक. फरक बिल ज्याच्या नावावर दूध घातलं जातं त्याच्या खात्यावर येतं. बारापैकी नऊ घरी जनावरं आहेत. त्या नऊपैकी सात खाती पुरुषांच्या नावावर आहेत. धारा काढायच्या, वैरण आणायची, शेण काढायचं ते बायकांनी. मधल्या गल्लीतल्या वहिनी म्हणाल्या, "म्हस माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत न्हाई, पण बिल मालकाच्या हातात." त्यामुळे फरक बिल आलं तरी किराणाची उधारी तशीच राहते, कारण घरात त्या पैशाला आधीच दुसरी वाट फुटलेली असते.

उपाय म्हणून दूध संस्थेच्या सचिवांना भेटलो. संस्था दर दहा दिवसांनी बिल काढते आणि त्यातून पशुखाद्याची कपात करतेच. तशीच दिवाळीची कपात करून गटाच्या खात्यावर भरता येईल का, असं विचारलं. ते म्हणाले, खातेदाराचं सहीचं पत्र द्या, करतो. अडचण काही नाही, सही पाहिजे.

२९ डिसेंबर २०२४

नियम ठरले. इथे वाद झाला आणि तो होणं बरं होतं.

आधी सगळ्यांचा कल दर बिलाला सारख्याच रकमेकडे होता. पण दूध वर्षभर सारखं नसतं. हिवाळ्यात पुष्टकाळ, दूध भरपूर. एप्रिलनंतर कृशकाळ, म्हशी आटतात, वैरण विकत आणावी लागते. मग ठरलं की जानेवारी ते मार्च दर बिलाला ३००, एप्रिल ते जून १००, जुलै ते सप्टेंबर २००. महिन्याला तीन बिलं धरली तर २,७०० अधिक ९०० अधिक १,८००, एकूण ५,४००. साडेबारा हजार यातून होत नाहीत. पण किराणा आणि मुलांचे कपडे होतात, म्हणजे दसऱ्यापासून फरक बिल येईपर्यंतची ती फट भरते. पुढचे सातेक हजार फरक बिलातून आणि बोनसमधून.

ज्यांच्या घरी जनावर नाही त्या तिघी भांगलणीच्या (शेतातलं तण काढायच्या) मजुरीतून तेवढीच रक्कम बैठकीत भरणार.

हा निधी कुणालाही कर्ज म्हणून द्यायचा नाही, अध्यक्षालाही नाही आणि मलाही नाही. गटाची नेहमीची बचत आणि अंतर्गत कर्ज दशसूत्रीप्रमाणे, म्हणजे बचत गटाच्या दहा नियमांप्रमाणे, जसं चालतं तसं चालेल. निधीची वही वेगळी, बँकेच्या पासबुकाला टाचण लावून वेगळी बेरीज.

लाडकी बहीणचे पंधराशे धरायचे का, यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. यंदा ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आगाऊ आले, त्यामुळे पुढच्या दिवाळीलाही येतील असं बऱ्याचजणींना वाटतं. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. आले तर घरात वापरा, पण ज्या पैशाची तारीख आपल्या हातात नाही तो अंदाजपत्रकात धरायचा नाही. मतदान घेतलं, तसंच ठरलं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. पहिली कपात झाली. सातपैकी सहा मालकांनी होकार दिला. एकाने नाही म्हटलं, "माझ्या बिलाला हात लावायचा न्हाई." त्या वहिनी गटात आहेत पण निधीतून बाहेर पडल्या. त्यांना वाईट वाटलं, आम्हालाही. आता निधीत अकराजणी.

होकार दिलेल्यांपैकी एका घरी मालकांनी सहीऐवजी खातंच बायकोच्या नावावर करून दिलं. असं कुणी मागितलंही नव्हतं.

१६ मार्च २०२५

कपात सुरळीत. दहा दिवसांनी तीनशे गेले तरी घरात जाणवत नाही, असं बऱ्याचजणी सांगतात, कारण पैसा हातात येऊन जात नाही.

११ मे २०२५

उन्हाळा कडक गेला. दोघींची जनावरं भाकड आहेत, बिलच नाही तर कपात कुठून. एकीच्या घरी दुसरी म्हैस जूनमध्ये व्येणार आहे. दंड लावायचा का? नियमात दंड लिहिलेला नाही, आणि लावायचा नाही असं आज ठरलं. जेवढे भरले तेवढ्याचा हिशोब ऑक्टोबरमध्ये. भाकड काळात दंड आकारून आपण त्या घराला शेकडा पाचच्या दारात ढकलू, त्यापेक्षा हजार रुपये कमी पडलेले बरे.

गटातल्या थोरल्या वहिनींच्या मुलीचं लग्न याच महिन्यात झालं. म्हणजे येती दिवाळी दिवाळसणाची. हे टिपून ठेवतेय.

३ जून २०२५

तेलाचा विचार आज केला, कारण फराळाच्या किराणात सगळ्यात मोठा आकडा तेलाचाच असतो. गेल्या वर्षी १४ सप्टेंबरपासून केंद्राने खाद्यतेलाचं आयात शुल्क एकदम वाढवलं होतं आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर डबा भडकला. आता ३० मेपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलाचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलंय. काकींचं म्हणणं, लगेच डबे भरून ठेवू. पण निधी अजून पूर्ण जमलेला नाही, आणि कपात झालेला पैसा जूनमध्येच खर्च केला तर ऑक्टोबरला हात मोकळा राहणार नाही. दर दर महिन्याला टिपायचे, घ्यायचं दसऱ्यानंतर.

यंदा पाऊस मेमध्येच सुरू झाला. पेरण्यांची सगळी गडबड उडालीय, आजची बैठक निम्म्याच बायकांत झाली.

२० जुलै २०२५

निधीची परीक्षा झाली. शाळा सुरू झाल्या, वह्या-पुस्तकं, गणवेश, एसटीचा पास. तिघींनी निधीतून दोन-दोन हजार मागितले. "आमचेच पैसे हायत की," हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आम्ही निधी मोडला नाही. गटाच्या नेहमीच्या बचतीतून तिघींना शेकडा दोनने कर्ज दिलं, फेड चार महिन्यांत.

मावशींनी विचारलं की स्वतःच्या पैशावर बसून कर्ज काढायचं आणि व्याज भरायचं, यात शहाणपण काय? मी हिशोब करून दाखवला. दोन हजारांवर पहिल्या महिन्याला चाळीस रुपये, पुढे कमी होत जाणार, चार महिन्यांचे मिळून शंभर, आणि ते व्याजही गटातच राहणार, वर्षअखेर आपल्यालाच वाटून येणार. निधी एकदा मोडला तर ऑक्टोबरमध्ये तेवढेच पैसे बाहेरून किती टक्क्यांनी आणावे लागतील ते नोव्हेंबरच्या फळ्यावर होतं. मावशींना पटलं का ते कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस गावात फिरतोय, "सणाचं कर्ज" म्हणून. यासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम बैठकीत वाचून दाखवले. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत, असं बघूनच कर्ज द्यायचं आहे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर यायचं नाही. आमच्यातल्या दोघींकडे तो माणूस रात्री आठला येऊन बसायचा. आता त्या त्याला दारातूनच वेळ सांगतात.

२१ ऑगस्ट २०२५

पंचगंगेचं पाणी इशारा पातळीच्या वर आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. नदीकाठची वैरण पाण्यात गेली. दूध कमी झालंय. तरी कपात चालू ठेवायची का, असं प्रत्येकीला वेगळं विचारलं. जिच्या घरी दुसरी म्हैस व्यायली नाही अशा एकीने दोन बिलं थांबवायला सांगितली, बाकीच्यांनी चालू ठेवली.

गणपती २७ ला. २०२२ च्या दिवाळीपासून रेशनवर शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल असा आनंदाचा शिधा मिळायचा. यंदा गणपतीला तो नाही. दिवाळीच्या यादीतही धरलेला नाही.

७ सप्टेंबर २०२५

गौरी-गणपती झाले, काल अनंत चतुर्दशी. गौरीच्या ओवश्याला दोन घरांत नको तेवढा खर्च झाला, पण तो आमच्या प्रकल्पात नव्हता म्हणून इथे फक्त नोंद.

दिवाळीच्या याद्या आज लिहिल्या. घरी बसून लिहिल्या की यादी वाढते, म्हणून बैठकीत, सगळ्यांसमोर. एक पद्धत ठरवली: कागदाच्या एका बाजूला आपल्या घरच्यांसाठी, दुसऱ्या बाजूला लोकांसाठी. लोकांसाठी म्हणजे भावजयीला साडी, नणंदेच्या पोरांना कपडे, शेजारी फराळाची ताटं, ओवाळणीत घालायची परत भेट. बहुतेकींची दुसरी बाजू पहिलीपेक्षा मोठी निघाली.

यावर कुणी उपदेश केला नाही आणि मलाही करायचा नव्हता. भावाला ओवाळायला जाताना रिकाम्या हाताने कशी जाईल बाई? पण दोघी सख्ख्या जावा गटातच आहेत. त्या एकमेकींच्या मुलांना दरवर्षी कपडे घेतात, साधारण सारख्याच किमतीचे. त्यांनी तिथेच ठरवलं की यंदा एकमेकींच्या पोरांना फक्त किल्ल्यावरचे मावळे आणि फुलबाज्या. दोघींचे मिळून अडीच हजार वाचले. बोलायला इतकी वर्षं का गेली, तर दुसरीला वाईट वाटेल असं दोघींनाही वाटत होतं.

२३ सप्टेंबर २०२५

काल घटस्थापना, आणि कालपासूनच जीएसटीचे नवे दर. गावात सगळीकडे स्वस्ताईची चर्चा आहे म्हणून आमच्या यादीवर काय फरक पडतो ते बसून बघितलं. सुटा रवा, मैदा, डाळ, पोहे यांवर करच नव्हता. साखर आणि तेल पाच टक्क्यांवर होतं, तिथेच आहे. तूप आणि सुकामेवा १२ वरून ५ वर आला, पण आमच्या फराळात काजू-बदाम मूठभर. कपड्यांत हजार ते अडीच हजारांच्या तयार कपड्यावर १२ चे ५ झाले. मोठा फरक आहे तो मोटारसायकल आणि मोठ्या टीव्हीवर, २८ वरून १८. म्हणजे स्वस्त झालेल्या ज्या वस्तू सगळ्यात जास्त डोळ्यांत भरतात, त्या आपल्या यादीत नाहीतच. एका घरी मालकांच्या मनात टीव्ही भरलाय, असं कळलं.

लाडकी बहीणची ई-केवायसी निघाल्याने बायका सेतू केंद्रावर रांगेत आहेत. पंधराशे अंदाजपत्रकात धरले नव्हते, त्यामुळे त्या गडबडीने आमचं काही अडलं नाही.

५ ऑक्टोबर २०२५

दिवाळसण. आज पूर्ण बैठक यावरच गेली.

थोरल्या वहिनींच्या घरी पहिल्यांदा जावई येणार. रीत म्हणजे अंगठी, जावयाला कपडे, मुलीला साडी, विहीणबाईंना साडी, सोबत येणाऱ्यांना टॉवेल-टोपी, चार दिवस मटण-गोडधोड. सोनं तोळ्याला लाखाच्या बरंच पुढे गेलंय. अर्ध्या तोळ्याची अंगठी म्हटली तरी साठ हजारांच्या वर. लग्नाचंच देणं अजून अंगावर आहे. वहिनींनी मायक्रोफायनान्सचा फॉर्म भरून ठेवला होता, फक्त अंगठा... नव्हे, सही राहिली होती. त्या सही करतात, सातवी शिकलेल्या आहेत.

बैठकीत दोन मतं पडली. एक म्हणे, पहिली दिवाळी आहे, पोरीला सासरी आयुष्य काढायचंय, आत्ता हात आखडला तर तिला ऐकावं लागेल. ही भीती खोटी नाही. आमच्यातल्या एकीला पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळसणाचं अजून ऐकवतात, ते तिने आज पहिल्यांदा सांगितलं. दुसरं मत, कर्ज काढून अंगठी घातली तर पुढच्या वर्षी धाकट्या मुलीच्या शिक्षणाची फी कुठून येणार.

शेवटी काकी म्हणाल्या, "अगं, विहिणीला विचारलंस का, तिला काय पायजे ते?" विचारलं नव्हतं. असलं कुणी विचारत नाही, आपणच ठरवतो की त्यांची अपेक्षा असणार.

वहिनींनी घरी जाऊन फोन लावला. संध्याकाळी मला येऊन सांगितलं. विहीणबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या सोयीनं करा." यात होकार किती आणि नाराजी किती, ते वहिनींना कळलं नाही. जावयाने मात्र नंतर स्वतः फोन करून सांगितलं की अंगठी तो घालतच नाही, कारखान्यात मशीनवर काम, हाताला काही चालत नाही. घड्याळ चालेल.

अंगठी रद्द झाली. घड्याळ, कपडे, साड्या आणि चार दिवसांचा पाहुणचार असा १४,००० चा अंदाज काढला. निधीतले, फरक बिलातले आणि कमी पडतील ते पाच हजार गटाकडून. मायक्रोफायनान्सचा फॉर्म वहिनींनी कंपनीला दिला नाही. पण मालक नाराज आहेत, भावकी काय म्हणेल म्हणून.

११ ऑक्टोबर २०२५

खरेदी. निधीत ५८,००० जमले. पूर्ण भरलेल्या नऊजणींचे प्रत्येकी ५,४००, आणि भाकड काळ, पूर यांत खंड पडलेल्या दोघींचे ४,८०० व ४,६००.

चौघी टेम्पोने कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलो. साखर घेतली नाही, कारखान्याची मिळालीय. तेलाचे डबे, चणाडाळ, पोहे, रवा, मैदा, शेंगदाणे, डाळं, डालडा, तीळ, मसाले. सुकं खोबरं यंदा साडेतीनशेच्या पुढे आहे. चिवड्यात खोबरं कमी करून शेंगदाणे वाढवायचे ठरलं, करंजीचं सारण मात्र नेहमीसारखं. तिथे हात आखडायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं.

समाजमंदिरात वजनकाट्यावर अकरा वाटे केले. घरटी किराणा १,६८०, टेम्पो ८०. हीच यादी गावातल्या दुकानात लिहून घेतली होती, ती २,०९० ची. म्हणजे घरटी ३३० वाचले.

पण दुकानदाराचा विचार केला पाहिजे. पुरात, आजारपणात हाच माणूस वही उघडून माल देतो. त्याच्याकडून काहीच घेतलं नाही तर जानेवारीत कुठल्या तोंडाने जाणार? म्हणून गूळ, साबण, उटणं, वाती, कापूर, रांगोळी असं सगळं त्याच्याकडून घेतलं, रोखीने. रोख म्हटल्यावर त्याने स्वतःहून दर कमी केला. उधारीच्या मालात तो थांबायचं मोल आधीच चढवून ठेवतो, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं.

उरलेले ३८,६४० ज्याचे त्याला रोख वाटले. उद्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कपड्यांना जायचंय. मुलांचे आधी, मग मोठ्यांचे, असं ठरलंय.

१६ ऑक्टोबर २०२५

फरक बिल परवा जमा झालं. उद्या वसुबारस. तीन दिवस पाच घरांत मिळून फराळ चाललाय. चकलीची भाजणी एकत्र दळली, एकाच मोठ्या कढईत तळण, त्यामुळे तेल आणि गॅस दोन्ही वाचतं. निधीतून बाहेर राहिलेल्या वहिनीही तळायला आल्या. त्यांच्या घरचा किराणा उधारीवर आलाय.

फरक बिलातून काय भागवायचं ते आधीच लिहिलेलं असल्याने घरात वाद कमी झाले, असं चौघींनी सांगितलं. दोन घरांत तरी झाले.

२४ ऑक्टोबर २०२५

काल भाऊबीज झाली. आज हिशोब.

निधीतल्या अकरा घरांपैकी नऊ घरांवर या दिवाळीचं कसलंही देणं नाही. किराणाची उधारी एकाही घराची नाही. शेकडा पाचवाल्या घराने यंदा कुणाकडूनही घेतलं नाही. गेल्या वर्षीचे दहा हजार त्यांनी जुलैत फेडले होते.

दिवाळसणाच्या घराचे गटाकडे पाच हजार, फेड दहा महिन्यांत. जावई चार दिवस राहून गेले, घड्याळ घालूनच गेले. भावकीत बोलणं झालं, ते वहिनींच्या कानावरही आलं. मुलगी जाताना आईला म्हणाली की धाकटीची फी भरून टाक. वहिनी हे सांगताना रडल्या, आणि आम्हीही फार वेगळ्या नव्हतो.

टीव्हीवाल्या घरी टीव्ही आला, हप्त्यांवर. निधीमुळे किराणा आणि कपड्यांचा भार कमी झाला म्हणून हप्ता परवडेल असं मालकांना वाटलं. म्हणजे आपण जी जागा मोकळी केली तिथे दुसरं कर्ज येऊन बसलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. घरातला पुरुष बैठकीत नसतो, हे मात्र खरं कारण आहे, आणि पुढच्या वर्षी एक बैठक जोडप्यांची घ्यावी असं माझं ठाम मत झालंय.

९ नोव्हेंबर २०२५

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला. बैठकीत नेहमीप्रमाणे कर्जाची मागणी विचारली. एकीने हात वर केला, म्हशीसाठी.

पुढच्या वर्षीच्या निधीचे बदल. हिवाळ्यातली कपात ३०० ऐवजी ४००, पावसाळ्यातली तशीच. दिवाळसण असलेल्या घरासाठी लग्न ठरल्या दिवसापासून वेगळा वाटा. पहिली जोडप्यांची बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दूध संस्थेच्या सचिवांनाही बोलवायचं.

म्हाईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा विषय मावशींनी काढला. गावची म्हाई आली की मटण, पाहुणे, मंडप, त्यातही घरटी सात-आठ हजार जातात, आणि तेही उसनेच. ती दिवाळीपेक्षा अवघड आहे, कारण गाव ठरवतं, घर नाही. तरी चिठ्ठ्या लिहून आणायला सांगितल्यात.

निधीतून बाहेर राहिलेल्या वहिनींच्या मालकांनी काल स्वतः येऊन कपातीच्या पत्राचा कागद मागून नेला. सही करून अजून परत दिलेला नाही.